‘रिव्हर्ट’ म्हणजे कुठल्या रिव्हिजनला?

बाई,
मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत डिस्पॅच बघते. शाळा मराठी माध्यमाची, पुढं बी.कॉम. वर्षभरापासून परदेशी ग्राहकांचे मेलही माझ्याकडं आलेत. गेल्या महिन्यात इंग्लंडला गेलेल्या पंप हाउसिंगच्या लॉटमध्ये तडे निघाले. मी मेल लिहिला: ‘वी कुडन्ट फिगर आउट व्हाय द कास्टिंग्ज क्रॅक्ड. विल लुक इनटू इट अँड गेट बॅक.’ साहेब म्हणाले, हे काय व्हॉट्सॲप आहे का? त्यांनी तो असा करून पाठवला: ‘वी आर अनेबल टू ॲसर्टेन द कॉज. द सेम शॅल बी इन्व्हेस्टिगेटेड अँड रिव्हर्टेड.’ ग्राहकाचं उत्तर आलं, ‘नो वरीज, जस्ट फाइंड आउट अँड लेट मी नो.’ म्हणजे माझंच बरोबर होतं का? मग दुसऱ्या एका ड्रॉइंगबद्दल मी साहेबांसारखं ‘वी विल रिव्हर्ट बाय फ्रायडे’ लिहिलं, तर त्याच माणसानं विचारलं, ‘रिव्हर्ट टू व्हिच रिव्हिजन?’ क्लासचे सर सांगायचे की फॉर्मलमध्ये फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘लुक इनटू’सारखं शेपूटवालं क्रियापद, वापरायचंच नाही. पुण्याला आयटीत असलेली मैत्रीण म्हणते, ‘ॲसर्टेन’ वगैरे आता कुणी लिहीत नाही. कुणाचं ऐकू? मला एक यादीच द्या. डावीकडं साधं, उजवीकडं फॉर्मल. पाठ करून टाकते.
– गोंधळलेली, राजारामपुरी

यादी मिळणार नाही. रागावू नकोस, आणि तुला ‘तू’ म्हणते त्याचाही राग मानू नकोस. राजारामपुरीतल्या निम्म्या पोरी माझ्या वर्गातून गेल्यात, त्यामुळं तोंडाला तेच वळण पडलंय.

अशी यादी माझ्याकडं होती. टायपिंगच्या क्लासात मिळालेली, सायक्लोस्टाइल केलेली, दोन पानी. तिच्या जोरावर मी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रं टाइप करायला लागले. एका गिऱ्हाइकानं 60 शाफ्ट जॉबवर्कला पाठवले होते, व्यास कमी करून द्यायला. काम झालं. मालक लेथजवळूनच ओरडले, ‘साठच्या साठ टर्न डाउन केले म्हणून फॅक्स करा.’ मी केला: ‘वी हॅव टर्न्ड डाउन ऑल सिक्स्टी शाफ्ट्स.’ दुपारी तिकडनं फोन. आमचा माल का नाकारला, कारण काय, आधी का नाही सांगितलं? मालकांचं इंग्रजी चुकलं नव्हतं. लेथवर व्यास उतरवणं म्हणजे ‘टर्न डाउन’च, कुठल्याही टर्नरला विचार. पण लेथपासून चार पावलांवर, ऑफिसात, ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणं. आणि खरी गंमत पुढं आहे. माझ्या यादीत डावीकडं ‘टर्न डाउन’ आणि उजवीकडं ‘रिजेक्ट’ असं ठळक छापलं होतं. मी त्या दिवशी यादी उघडून मालकांचं वाक्य ‘फॉर्मल’ केलं असतं, तर 60 शाफ्ट आम्ही लेखी रिजेक्ट केले असते.

म्हणून यादी नाही.

क्लासच्या सरांचा नियम निम्माच खरा आहे. तुमच्याच टेस्ट सर्टिफिकेटवर बघ, ‘इन्स्पेक्शन वॉज कॅरिड आउट’ असंच छापलेलं असेल. ‘कॅरी आउट’ हे शुद्ध फ्रेझल व्हर्ब आहे आणि ते कोर्टाच्या निकालातही चालतं. ‘सेट अप’, ‘फेज आउट’, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ हीही तशीच, कुठंही कोट-टाय घालून जातात. शेवटचं तर मुद्दाम लक्षात ठेव. तारीख अलीकडं घेतली की आपण ‘प्रीपोन’ लिहितो. भारतात ते बिनधास्त लिही, चांगला घडवलेला शब्द आहे, मला आवडतो. पण बर्मिंगहॅमच्या माणसाला तो कळेलच असं नाही. त्याला ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लागतं. म्हणजे इथं फ्रेझल व्हर्बच जास्त रीतसर निघालं.

मग अशा जोड्या मुळात झाल्या कुठून? 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड घेतलं. नंतर कित्येक पिढ्या दरबारात आणि कोर्टात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन, आणि गोठ्यात, शेतात, चुलीपुढं इंग्रजी, अशी वाटणी होती. पुढं भाषा एक झाली, पण चुली वेगळ्याच राहिल्या. म्हणून एकाच कामाला ‘स्टार्ट’, ‘कमेन्स’ आणि ‘इनिशिएट’ असे तीन तीन शब्द. आपल्याकडं वेगळं काय आहे? ‘कामाला हात घातला’ हे घरचं. ‘काम सुरू केलं’ यातलं ‘सुरू’ अरबीतनं आलेलं. ‘कार्यारंभ केला’ हे संस्कृत. भट्टीवर कुणी कार्यारंभ करत नाही, आणि नव्या शेडच्या भूमिपूजनाच्या पत्रिकेत ‘आम्ही हात घालतोय’ असं कुणी छापत नाही. हे तुला कुणी शिकवलं नाही, तरी येतं.

त्या छोट्या ‘अप-ऑफ-आउट’चंही तसंच. ‘सांगून टाक’, ‘सांगून ठेव’, ‘सांगून बघ’, ‘सांगून बसलीस ना!’ यात सांगणं एकच, पण मागचं शेपूट बदललं की अर्थ कुठल्या कुठं जातो. कोल्हापुरात नवीन आलेल्या तमिळ इंजिनिअरला ‘बसलीस’ इथं का आलं ते समजावून दाखव बघू. इंग्रजांनाही हे ठाऊक होतं. सॅम्युएल जॉन्सननं 1755 साली इंग्रजीचा मोठा कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्यानं सरळ लिहिलंय की क्रियापदाला मागून लागणाऱ्या या शब्दांनी परक्या माणसाची सगळ्यात जास्त अडचण होते. तेव्हा तुझा गोंधळ जवळजवळ पावणेतीनशे वर्षांचा आहे, लाजायचं काही कारण नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मात्र पाठ कर. लॅटिन घराण्यातल्या क्रियापदानं ते शेपूट आधीच गिळलेलं असतं, फक्त तोंडाकडनं. ‘पोस्टपोन’ फोडून बघ: ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, आणि ‘पोन’च्या मुळाशी ठेवणं. म्हणजे ‘पुट ऑफ’च की! ‘इन्स्पेक्ट’ म्हणजे मुळात आत बघणं, ‘लुक इनटू’. ‘रिटर्न’, ‘रिव्हर्ट’ यांतल्या ‘रि’मध्ये ‘बॅक’ बसलेलंच आहे. म्हणून ‘रिटर्न बॅक’ आणि ‘रिव्हर्ट बॅक’ हे पिवळा पितांबर आणि गाईचं गोमूत्र यांचे सख्खे भाऊ. आपण साधं क्रियापद काढून भारदस्त बसवतो, पण जुन्याचं शेपूट तिथंच लोंबकळत राहतं. ‘टॉक अबाउट’ काढून ‘डिस्कस’ घातलं, ‘अबाउट’ राहिलं. ‘आस्क फॉर’ काढून ‘रिक्वेस्ट’ घातलं, ‘फॉर’ राहिलं. ‘वी डिस्कस्ड द क्रॅक्स’, ‘वी रिक्वेस्ट अ रिप्लाय’, एवढंच पुरतं. नाम असेल तर गोष्ट वेगळी, ‘अ रिक्वेस्ट फॉर पेमेंट’ हे बरोबरच आहे. माझ्या वर्गातल्या इंग्रजीच्या चुकांत या लोंबकळणाऱ्या शेपटांचा वाटा मोठा असायचा, आणि त्या साधं बोलणाऱ्या पोरी करत नसत. भारदस्त लिहायला जाणाऱ्या करत.

भारदस्त लिहावंसं आपल्याला का वाटतं, यावर मी बरीच वर्षं विचार केलाय. माझा निष्कर्ष असा: आपण इंग्रजीत ‘तुम्ही’ शोधत असतो.

मराठीत मान क्रियापदातच असतो. ‘ये’ आणि ‘या’, ‘बस’ आणि ‘बसा’. आपल्या कोल्हापुरात तर ‘बसा की’, ‘जेवून जावा की’, त्या ‘की’नं आणखी एक पाट मांडला जातो. इंग्रजीत समोर चेअरमन असो की चहावाला, ‘कम’ ते ‘कम’च. एके काळी त्यांच्याकडंही ‘दाउ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही असं होतं. ‘दाउ’ वापरातनं गेलं, सगळ्यांनाच ‘यू’ मिळालं. मान दाखवायची आपली नेहमीची खुंटीच सापडत नाही, म्हणून आपण तो वजनदार क्रियापदावर टांगतो. ‘सेंड’ म्हटलं तर उद्धट वाटेल, म्हणून ‘काइंडली फॉरवर्ड द सेम’. ‘टेल मी’ नको, म्हणून ‘काइंडली इंटिमेट’.

पण इंग्रजीत मान क्रियापदाच्या वजनात नसतो, वाक्याच्या चौकटीत असतो. ‘सेंड मी द ड्रॉइंग’ हा हुकूम. ‘ट्रान्समिट द ड्रॉइंग टू मी’ हाही हुकूमच, फक्त जड. ‘कुड यू सेंड मी द ड्रॉइंग?’ म्हटलं की ती विनंती झाली, आणि क्रियापद तेच राहिलं, ‘सेंड’. ‘वी वॉन्ट द पेमेंट’ म्हणजे वसुलीला दारात उभं राहणं. ‘वी वुड बी ग्रेटफुल फॉर पेमेंट बाय द थर्टिएथ’ म्हणजे तेच पैसे, चहा घेऊन मागितलेले. आणि ते ‘काइंडली’ जरा जपून. सध्याच्या इंग्रज वाचकाला त्यात बऱ्याचदा वैतागाचा वास येतो, ‘मेहेरबानी करून आता तरी द्या’ असा. ‘प्लीज’ बरं.

तू म्हणशील, एवढी कसरत मला कशी जमणार? अगं, तू ती रोज करतेस. घरी आईला काय म्हणतेस, ‘मी आलो गं’, हो ना? आणि ऑफिसात साहेबांना, ‘सर, मी आले.’ बाहेरची माणसं आपल्या पोरींच्या ‘आलो-गेलो’ला हसतात. हसू देत. एकच बाई दारातनं आत येताना एक क्रियापद आणि केबिनमध्ये शिरताना दुसरं, आणि मध्ये विचार करायला थांबत नाही. त्या बदलाची यादी कुणी दिली होती तुला?

आता तुझ्या मेलकडं वळू. ‘फिगर आउट’ इथं थोडं सैल आहे, मित्राशी बोलल्यासारखं. साहेबांचा तेवढा मुद्दा मला मान्य आहे. पण त्यांनी घातलेल्या ‘ॲसर्टेन’ची छटा जरा वेगळी आहे. ‘फाइंड आउट’ म्हणजे कळणं, छडा लागणं, मग ते विचारून का असेना. ‘ॲसर्टेन’ म्हणजे पडताळून खात्रीनं शोधून काढणं, ऑडिटर करतो तसं. इथं ते चूक नाही, पण नुसतं जड आहे. तुमच्या 8डी रिपोर्टमध्ये, म्हणजे तक्रारीवरच्या आठ पायऱ्यांच्या अहवालात, चौथ्या पायरीला मूळ कारण लिहायचं असतं. तिथं ‘द रूट कॉज वॉज आयडेंटिफाइड’ किंवा ‘डिटरमिन्ड’ हे शब्द शोभतात, कारण तो कागद फायलीत राहणार आणि उद्या डेबिट नोटवरनं वाद झाला तर तोच उघडणार. मेलमध्ये ‘फाउंड’ पुरे.

‘लुक इनटू’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ यांत तर वचनाचाच फरक आहे. ‘वी विल लुक इनटू इट’ म्हणजे ‘बघतो’. आणि ‘बघतो’चं कधी कधी ‘बघू की’ होतं हे आपल्याला सांगायला नको, इंग्रजांनाही ते कळतं. ‘वी आर इन्व्हेस्टिगेटिंग’ म्हटलंस की समोरचा रिपोर्टची वाट बघत बसतो. रिपोर्ट देणार असशील तरच तो शब्द लिही.

‘द सेम शॅल बी रिव्हर्टेड’बद्दल काय बोलावं? ‘द सेम’ म्हणजे इंग्रजीतलं ‘सदरहू’. आणि ‘शॅल बी’ म्हणजे ‘कार्यवाही करण्यात येईल’. कोण करणार, कधी करणार, कशाचा कशाला पत्ता नाही. सरकारी पत्रात हेच वाक्य तुला आलं तर तू डोक्याला हात लावशील. मी असं लिहिलं असतं: ‘वी हॅव नॉट यट फाउंड द कॉज ऑफ द क्रॅक्स. वी आर चेकिंग द सँड अँड द पोअरिंग टेम्परेचर, अँड विल सेंड यू द 8डी रिपोर्ट बाय फ्रायडे.’ वाचून बघ. ‘फाइंड’, ‘चेक’, ‘सेंड’. एकही क्रियापद तिसरीच्या पुस्तकाबाहेरचं नाही. पण वाळू तपासतोय, ओतायचं तापमान तपासतोय, शुक्रवारी कागद येतोय, हे त्यात आहे. ग्राहकाला रीतसर वाटतं ते हे. तुझ्या मेलमध्ये ते नव्हतं आणि साहेबांच्याही नव्हतं.

‘रिव्हर्ट’चं प्रकरण मात्र खरंच धोक्याचं, तू नशीबवान म्हणून त्यानं विचारलं. भारतात ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर देणं, आपण सगळे समजतो. बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. जमीन मूळ मालकाकडं जाते, सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनवर जातं, त्याला ‘रिव्हर्ट’. शिवाय काही फाउंड्र्यांत रनर-रायझरचं, म्हणजे साच्यात धातू ओतायच्या वाटांत गोठून उरलेलं, जे लोखंड परत वितळायला जातं त्यालाही ‘रिव्हर्ट’ म्हणतात! ड्रॉइंगच्या मेलमध्ये तू लिहिलंस ‘वी विल रिव्हर्ट’, आणि त्याच्यापुढं ड्रॉइंगच्या रिव्हिजन, म्हणजे सुधारित आवृत्त्या, ए, बी, सी. त्याला वाटलं, ही बाई सी सोडून बी वर निघाली. न विचारता त्यांच्या कुणी जुनं ड्रॉइंग काढलं असतं तर? ‘वी विल रिप्लाय बाय फ्रायडे’ लिही. जरा मोकळेपणा असेल तर ‘गेट बॅक टू यू’. तुझ्या पहिल्या मेलमधलं ‘गेट बॅक’ त्या जागी ठीकच होतं, फक्त पुढं ‘टू यू’ आणि वार हवा होता.

तू डिस्पॅचला आहेस म्हणून उशिराचे शब्द जरा निरखून घे. ‘पुट ऑफ’मध्ये टाळाटाळीची छटा असते, दाताच्या डॉक्टरकडं जाणं आपण ‘पुट ऑफ’ करतो. शिवाय किळस येणं किंवा मन उडणं यालाही तेच. ‘वी हॅव पुट ऑफ युअर ऑर्डर’ असं ग्राहकाला कधीच नको. आपण ठरवून पुढची तारीख दिली तर ‘पोस्टपोन’ किंवा ‘रीशेड्यूल’. ‘डिले’ झाला म्हणजे ठरवलं नव्हतं, झाला. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, वाहतूक कित्येक दिवस बंद होती, तेव्हा गाड्या ‘हेल्ड अप’ होत्या. 2021 च्या जुलैतही तेच झालं. त्या वेळी एका मुलीनं मला दाखवलेला मेल आठवतो: ‘अवर ट्रक हॅज बीन डिटेन्ड ॲट शिरोली.’ ‘हेल्ड अप’ साधं वाटलं म्हणून तिनं वरच्या मजल्यावरचा शब्द घेतला. ‘डिटेन’ म्हणजे पोलिसांनी किंवा कस्टम्सनं अडकवून ठेवणं. ग्राहकानं घाबरून विचारलं, ट्रकमध्ये दुसरं काय होतं?

आणि आता जी जोडी तुला सगळ्यात महाग पडू शकते ती. ‘कॉल ऑफ’. यादीत समोर ‘कॅन्सल’ असतं. लग्न मोडलं, संप मागं घेतला, कुस्तीचं मैदान पावसानं रद्द झालं, सगळीकडं ‘कॉल्ड ऑफ’. पण युरोपचे ग्राहक वर्षाची एक मोठी ऑर्डर देतात आणि त्यातनं लागेल तसा माल मागवतात. त्या मागवण्यालाच ते ‘कॉल-ऑफ’ म्हणतात. ‘प्लीज नोट अवर नेक्स्ट कॉल-ऑफ, 500 पीसेस’ असा मेल आला की 500 नग रद्द करायचे नाहीत, पाठवायचे आहेत! एक शब्द, अर्थ बरोबर उलटे. अशा वेळी माझा सल्ला, तुझ्या बाजूनं ‘कॉल ऑफ’ वापरूच नको. रद्द करायचं असेल तर ‘कॅन्सल’, पाठवायचं असेल तर ‘डिस्पॅच’. इथं लॅटिनवाल्यांचा जय.

साहेबांचा जय आणखी एका ठिकाणी आहे, तोही सांगायला हवा. समज, तुझा एखादा ग्राहक इटलीचा आहे. त्याच्या भाषेची आईच लॅटिन. त्याला ‘पोस्टपोन’, ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘कॅन्सल’ हे लांबच्या चुलतभावांसारखे ओळखीचे वाटतात, आणि ‘पुट ऑफ’, ‘लुक इनटू’ पुढं तो तुझ्यासारखाच अडखळतो. इंग्लंडच्या माणसाला जे साधं, ते मिलानच्या माणसाला अवघड. जर्मन माणूस मध्ये कुठंतरी, त्याच्या भाषेतही क्रियापदाला सुटी होणारी शेपटं असतात, त्यामुळं कल्पना त्याला नवी नाही.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं आयटीपुरतं ठीक. तिचा ग्राहक दिवसभर तिच्याशी चॅटवर असतो. तुझा ग्राहक ‘नो वरीज’ म्हणाला म्हणून तू लगेच ‘कूल’ म्हणायला जाऊ नकोस. दुकानात गिऱ्हाइकानं ‘काय भावा’ म्हटलं तरी तडे गेलेला माल ज्यानं विकला त्यानं दोन दिवस ‘साहेब’च म्हणावं. चार महिने माल चोख गेला की आपोआप सैल होता येतं.

बाकीचं भराभर. फॉर्म इंग्लंडात ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’, आपण ‘फिल अप’ करतो, भारतात चालतंय. ‘पास्ड आउट इन 2022’ हे परदेशी माणसासमोर नको, सैनिकी अकादमीतला कॅडेट सोडला तर बाकीच्यांचं ‘पास आउट’ म्हणजे चक्कर येऊन पडणं. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हण. आणि शॉपवर आपण म्हणतो ‘मशीन ब्रेकडाउन आहे’, ते नाम, एक शब्द. वाक्यात क्रियापद झालं की ते तुटतं: ‘द मशीन ब्रोक डाउन’. ‘ब्रेकडाउन्ड’ मी डोळ्यांनी वाचलंय.

राहिले साहेब. त्यांचा मेल मला दाखवलास, आता ही उत्तराची प्रत त्यांच्या टेबलावर ठेवायला जाऊ नकोस. माणूस वाईट दिसत नाही, बाजू सांभाळायला बघतोय, आणि ‘ॲसर्टेन’ ज्या पिढीला इंग्रजी म्हणून शिकवलं त्यातलीच मीही आहे. पुढचा मेल लिहिताना वार आणि काम आधी घाल, कच्चा मसुदा त्यांना दाखव, आणि ‘रिव्हर्ट टू व्हिच रिव्हिजन’वाला मेल त्यांनी वाचला नसेल तर सहज पुढं कर. त्यांनी चाकणच्या ग्राहकाच्या मेलमध्ये परत ‘रिव्हर्ट’ घातलं तर राहू दे, तिथं कळतं.

आणि तडे कशानं गेले ते सापडलं की मला कळव. आमच्या घरात दोन पिढ्या मोल्डर होत्या, मला चैन पडेना. वाळू-तापमान बघाच, पण कास्टिंग गरम असतानाच घाईनं नॉकआउट होतंय का, म्हणजे साचा फोडून बाहेर काढतायत का, ते रात्रपाळीला जाऊन विचार. मराठीतच विचार.